झाशिकी-वाराशी: जपानी घरातले खोडकर मूल आणि घराचे दैव

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या ईशान्य भागाला तोहोकू म्हणतात. तिथल्या इवाते प्रांतातील जुन्या, मोठ्या शेतकरी घरांमध्ये एक न दिसणारे मूल वावरत असते, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. झोपलेल्या पाहुण्याची उशी डोक्याखालून काढून पायाशी नेऊन ठेवणे, त्याच्या छातीवर बसून त्याला रात्रभर झोपू न देणे, रिकाम्या खोलीत धावल्याचा किंवा केर काढल्याचा आवाज करणे, अशा खोड्या ते करते. या मुलाला झाशिकी-वाराशी म्हणतात. झाशिकी म्हणजे पाहुण्यांसाठी राखलेली बैठकीची खोली आणि वाराशी म्हणजे तिथल्या बोलीत मूल. भुताटकीची गोष्ट म्हटली की घर झपाटणे, मांत्रिक आणणे, भूत घालवणे असा क्रम आपण गृहीत धरतो. येथे मात्र तो नेमका उलटा आहे. हे मूल घरात आहे तोवर घराची भरभराट होते आणि ते निघून गेले की घर बसते, असे मानले जात असल्यामुळे घरच्या लोकांना त्याच्या खोड्यांची भीती वाटत नाही. खोड्या थांबल्या तर मात्र वाटते.

हे मूल दिसते कसे, याबद्दल सगळ्या गावांचे एकमत नाही. वय साधारणपणे पाच-सहा वर्षांपासून बारा-तेरा वर्षांपर्यंत सांगितले जाते, चेहरा बहुधा लालसर असतो आणि केस कपाळावर व मानेवर सरळ कापलेले असतात. ते कुठे मुलगा असते, कुठे मुलगी, तर काही घरांत जोडीने राहते. बहुतेक वेळा ते दिसतच नाही, फक्त ऐकू येते. आणि दिसलेच तर घरच्या माणसांना किंवा लहान मुलांना दिसते. १९१० च्या उन्हाळ्यात इवातेतल्या तोनो परिसरातील त्सुचिबुची गावच्या प्राथमिक शाळेत झाशिकी-वाराशी आल्याची एक नोंद आहे. पहिलीच्या वर्गातली मुले ‘तो बघा, तिथे आहे’ असे सांगत त्याच्याबरोबर खेळत होती आणि वरच्या वर्गांतल्या मुलांना व शिक्षकांना तिथे कोणीही दिसत नव्हते. या कथांमध्ये वय वाढणे म्हणजे दृष्टी जाणे असे धरलेले असते, आणि ते कोणी विशेष समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

हे मूल बैठकीच्या खोलीतच का राहते, हे कळण्यासाठी त्या घराची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. या भागातल्या शेतकऱ्याच्या घराचे साधारण दोन भाग असत. एका भागात दाबून टणक केलेली मातीची जमीन असे. तिथे चूल, उखळ, अवजारे आणि ओली कामे असत, आणि तोनो परिसरातल्या काटकोनात वळलेल्या घरांमध्ये तर घोड्यांचा तबेलाही त्याच छपराखाली असे. दुसरा भाग उंचावर, लाकडी तक्तपोशीचा. त्यातली सर्वांत आतली, तातामी चटया घातलेली खोली म्हणजे झाशिकी. एरवी ही खोली रिकामी असे. ती उघडायची ती मानाचा पाहुणा आला, लग्न झाले किंवा मृत्यू झाला तर. सबंध घरात माणसांची दाटी, आणि त्याच घरात एक सुबक, थंड, काळोखी, न वापरलेली खोली, अशी ती परिस्थिती होती. अशा खोलीत कोणीतरी असल्यासारखे वाटणे यात फारसे नवल नाही.

ही समजूत जपानभर, आणि पुढे जगभर, पोहोचली ती दोन माणसांमुळे. सासाकी किझेन हे त्सुचिबुची गावचे, साहित्याची ओढ असलेले तरुण होते आणि लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींचा मोठा साठा त्यांच्याकडे होता. यानागिता कुनिओ हे तोक्योतले सरकारी अधिकारी, शेती खात्यात काम केलेले, पुढे जपानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचे प्रवर्तक ठरलेले. किझेन यांनी सांगायचे आणि यानागितांनी लिहून घ्यायचे, असे करत ११९ छोट्या नोंदींचे ‘तोनो मोनोगातारी’ (तोनोच्या गोष्टी) हे पुस्तक तयार झाले आणि १९१० मध्ये त्याच्या अवघ्या ३५० प्रती निघाल्या. भाषा जुन्या वळणाची, घट्ट आणि अलंकारविरहित. त्या नोंदींमध्ये कथेचा शेवट गोड करण्याचा किंवा भीती वाढवण्याचा काहीही प्रयत्न नाही. गाव अमुक, घर अमुक, माणूस अमुक, असे सांगून घडलेले तेवढे लिहिले आहे. पुढे १९२० मध्ये किझेन यांनी केवळ झाशिकी-वाराशीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. श्रेय मात्र बहुतेक वेळा यानागितांच्या नावावर जमा होते, हे मला अन्यायाचे वाटते.

त्या ११९ पैकी सतराव्या नोंदीत त्सुचिबुचीतल्याच यामागुची वस्तीतल्या सासाकी यांच्या घरातला एक प्रसंग आहे. घरची बाई एकटी शिवण करत बसलेली असताना शेजारच्या खोलीतून कागद चाळल्याचा आवाज येतो. ती खोली घरधन्याची, आणि घरधनी तर तोक्योला गेलेला. बाई दार उघडून पाहते तर कोणी नाही. ती परत येऊन बसते, आणि थोड्या वेळाने त्याच खोलीतून नाक ओढल्याचा आवाज येतो. एवढेच. सर्दी झालेल्या मुलाने नाक वर ओढावे, इतका साधा आवाज ऐकून बाई समजते की हा झाशिकी-वाराशी, आणि ती घाबरली असे त्या नोंदीत कुठेही म्हटलेले नाही.

पुढच्याच नोंदीत मागोझाएमोनच्या घराची हकिकत आहे, आणि माझ्या मते या साऱ्या परंपरेचे मर्म तिच्यात आहे. यामागुचीतल्या या धनवान घराण्यात दोन लहान मुलींच्या रूपातली दैवते राहतात असे सगळे गाव म्हणत असे. एके दिवशी गावातला एक माणूस बाजारातून परतत असताना पुलाजवळ त्याला दोन अनोळखी, नीटनेटक्या मुली भेटल्या. त्या कसल्याशा विचारात असल्यासारख्या दिसत होत्या. ‘कुठून आलात?’ असे त्याने विचारल्यावर ‘मागोझाएमोनच्या घरून’ असे उत्तर आले, ‘कुठे निघालात?’ असे विचारल्यावर दुसऱ्या एका गावातल्या अमुक शेतकऱ्याच्या घरी, असे त्यांनी सांगितले. माणूस मनाशी समजून चुकला की मागोझाएमोनचे दिवस भरले. त्यानंतर फार काळ गेला नाही तोच त्या घरातली मालक आणि नोकर मिळून वीसहून अधिक माणसे अळंब्यांच्या विषबाधेने एका दिवसात मेली. ज्या घरी मुली गेल्या ते घर पुढे सधन झाले.

विषबाधा कशी झाली हे एकोणिसाव्या नोंदीत तपशिलाने येते, आणि तो तपशील विलक्षण बोलका आहे. अंगणातल्या नासपतीच्या झाडाभोवती अळंब्या उगवल्या. खाव्यात की नाही यावर घरात चर्चा झाली. मालकाचे मत खाऊ नयेत असे होते. तेव्हा एका नोकराने सांगितले की अळंबी कोणतीही असो, पाण्याच्या बादलीत टाकून सोललेल्या वाखाच्या काड्यांनी चांगली ढवळली की विष उतरते. सगळ्यांना ते पटले आणि सगळ्यांनी खाल्ले. वाचली ती फक्त सात वर्षांची एक मुलगी, कारण ती बाहेर खेळण्यात इतकी रमली होती की जेवायला यायचेच विसरली. आणि मग, घरात प्रेते पडलेली असताना, जवळचे-दूरचे नातेवाईक जमले. कोणी म्हणाले माझे कर्ज होते, कोणी म्हणाले मला अमुक द्यायचे कबूल केले होते, आणि बघता बघता घरातली चीजवस्तू, अगदी स्वयंपाकघरातल्या मिसोसकट (सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्यासकट), उचलून नेली गेली. गावातले सर्वांत जुने घराणे एका सकाळीत नाहीसे झाले. ती मुलगी मोठी झाली, म्हातारी झाली, तिला मूलबाळ झाले नाही आणि पुस्तक लिहिले जाण्याच्या थोडे आधी ती आजारपणात वारली, असेही त्यात नोंदवले आहे.

या हकिकतीत अलौकिक घटना कुठे आहे ते नीट पाहावे. माणसे अळंब्यांनी मेली, संपत्ती नातेवाइकांनी लुटली. त्या दोन मुलींनी कोणाला शाप दिला नाही, विष कालवले नाही, कोणावर सूड उगवला नाही. त्या फक्त निघून गेल्या, तेही आधी. घर का बुडाले याचे व्यवहारी कारण गावाला ठाऊकच होते. गावाला उत्तर हवे होते ते वेगळ्याच प्रश्नाचे, की हे याच घराला का व्हावे, आणि त्याच सुमारास दुसरे घर वर का यावे. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमात्सु काझुहिको यांनी झाशिकी-वाराशीकडे याच बाजूने पाहिले आहे. जिथे जमीन मोजकी असते, पीक दरवर्षी जवळपास तेवढेच येते आणि प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तिथे एखादे घर एकाएकी श्रीमंत झाले तर शेजाऱ्यांना ते स्पष्ट करावे लागते. ‘त्या घरात ते मूल आहे’ हे त्याचे एक सौम्य उत्तर. कठोर उत्तरेही असत. जपानच्या अनेक भागांत अशा घराबद्दल ‘यांच्या पूर्वजाने मुक्कामाला आलेल्या वाटसरूला मारून त्याचे पैसे घेतले’ अशी कथा सांगितली जाते. एकच कुतूहल, पण एका कथेत कौतुक आहे आणि दुसरीत आरोप. म्हणून एखाद्या घरात झाशिकी-वाराशी आहे हे घरच्यांपेक्षा शेजारी अधिक ठामपणे सांगत असले, तर त्यात आश्चर्य वाटू नये.

हे मूल आले कुठून, हा प्रश्न अधिक अवघड आणि अधिक दुःखद आहे. किझेन यांच्या नोंदींवरून दिसते की सगळी झाशिकी-वाराशी एका दर्जाची नसत. चोपिराको नावाचे गोरे, देखणे मूल सर्वांत वरच्या पायरीचे. नोताबारिको हे मातीच्या जमिनीवरून सरपटत, हातांवर रांगत बैठकीच्या खोलीकडे येणारे, आणि उसुत्सुकिको म्हणजे रात्री उखळात कांडल्यासारखा आवाज करणारे. ही दोन्ही खालच्या पायरीची, आणि त्यांच्या येण्याने घराला काही लाभ होतो असे मानले जात नसे. आता पुन्हा घराची रचना आठवावी. उखळ असते ते मातीच्या जमिनीच्या भागात. आणि तोहोकूच्या काही भागांत जन्मताच मारलेली किंवा जन्मून लगेच मेलेली अर्भके गावच्या दफनभूमीत न पुरता घरातच, या मातीच्या जमिनीखाली किंवा उखळाजवळ पुरण्याची रीत होती.

जन्मलेले मूल मारण्यासाठी तेव्हा माबिकी हा शेतातला शब्द वापरत; रोपे दाट झाली की काही उपटून टाकायची, ती विरळणी. त्यामागची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. उन्हाळ्यात ईशान्येकडच्या थंड समुद्रावरून यामासे नावाचा गार, धुकट वारा या प्रदेशावर येतो. तो आठवडेच्या आठवडे टिकला तर भाताची लोंबी भरत नाही आणि सबंध हंगाम वाया जातो. १७८२ ते १७८८ चा तेन्मेई दुष्काळ आणि १८३० च्या दशकातला तेन्पो दुष्काळ हे तोहोकूत सर्वांत भयंकर ठरले. घरात खाणारी तोंडे किती परवडतील याचा हिशोब त्या लोकांना खरोखर करावा लागत होता, आणि त्या हिशोबात सर्वांत आधी नवजात मुलाचा बळी जाई.

यावरून झाशिकी-वाराशी म्हणजे घरच्यांनीच मारलेल्या मुलांचे आत्मे, असे थेट समीकरण मांडले जाते आणि हल्ली ते इतक्या सहज सांगितले जाते की जणू दुसरे काही संभवतच नाही. मला ते अर्धेच पटते. सरपटणाऱ्या आणि उखळ कांडणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते पटण्यासारखे आहे, कारण त्यांची जागा, त्यांची हालचाल आणि त्यांचा खालचा दर्जा हे सगळे त्या पुरण्याच्या रीतीशी जुळते. पण मागोझाएमोनच्या घरातल्या त्या दोन नीटनेटक्या मुली, किंवा बैठकीच्या खोलीतले बारा वर्षांचे मूल, यांना ते लागू पडत नाही. त्यांना तर दैवत म्हटले आहे, आणि ती एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकतात, जे त्याच घरात पुरलेल्या अर्भकाला जमू नये. यानागितांचा कल वेगळा होता. एके काळी ज्यांची पूजा होत असे अशी लहान दैवते श्रद्धा ओसरल्यावर भुते किंवा पऱ्यांसारखी प्राणी बनून उरतात, असे ते सामान्यतः मानत. ‘सात वर्षांपर्यंत मूल देवांचेच’ या अर्थाची एक जपानी म्हण या चर्चेत नेहमी पुढे केली जाते. मात्र ती समजतात तेवढी पुरातन नसावी, असा आक्षेप काही इतिहासकारांनी घेतला आहे. मला वाटते, एकाच नावाखाली निदान दोन वेगळ्या समजुती एकत्र आल्या आहेत, एक घराच्या दैवाची आणि एक घराच्या अपराधाची, आणि त्यांना एकाच उगमाकडे ओढून नेण्याचा आग्रह धरू नये.

या मुलाची सर्वांत सुंदर खोडी लिहिली ती इवातेच्याच हानामाकी गावच्या मियाझावा केन्जी यांनी, १९२६ मध्ये. एका मोठ्या घरी समारंभासाठी दहा मुले जमली आहेत आणि हात धरून, गोल फिरत बैठकीच्या खोलीत खेळत आहेत. फिरता फिरता ती अकरा होतात. एकही चेहरा अनोळखी नाही, एकही चेहरा दोनदा नाही, आणि तरी मोजले की अकराच. जास्तीचा तो एक झाशिकी-वाराशी आहे, एवढे मोठी माणसे येऊन सांगतात. पण प्रत्येक मूल ‘तो मी नव्हे’ असा चेहरा करून गप्प बसून राहते. येथे कोणी घाबरत नाही, संपत्तीचाही विषय नाही. फक्त मोजणी चुकते आणि ती का चुकते ते सापडत नाही. मियाझावा आणि किझेन यांचा पत्रव्यवहार आणि परिचय होता, आणि दोघेही १९३३ च्या सप्टेंबरमध्ये, काही दिवसांच्या अंतराने वारले.

जपानच्या इतर भागांतही खोडकर मुलांची रूपे आहेत, पण ती सगळी एका माळेत ओवण्यात अर्थ नाही. तोफूचा तुकडा तबकात घेऊन, मोठी टोपी घालून उभा असलेला तोफू-कोझो अठराव्या शतकातल्या एदो (आजचे तोक्यो) शहराच्या सचित्र करमणूक-पुस्तिकांतून आला. त्याच्यामागे गावची श्रद्धा अशी फारशी नाही. एकडोळ्या हितोत्सुमे-कोझोची गोष्ट मात्र निराळी. तोक्योभोवतालच्या कांतो भागात आणि इझू द्वीपकल्पाकडे असे मानत की तो बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी घरोघर फिरून, कोणी दार नीट लावले नाही, कोणाची काय चूक झाली हे वहीत टिपतो आणि त्या वहीनुसार रोगराईचा देव पुढे संकटे वाटतो. जाताना तो ती वही गावच्या वेशीवरच्या दैवताकडे ठेवायला देतो आणि दुसऱ्या महिन्याच्या आठव्या दिवशी परत मागायला येतो. मधल्या काळात, पहिल्या महिन्याच्या मध्यावर, गावकरी वेशीच्या दैवताचा अग्नी पेटवतात, म्हणजे दैवताला सांगता येते की आगीत वही जळाली. आणि त्या दोन दिवशी दारापुढे उंच काठीला विणलेली टोपली टांगतात, कारण टोपलीला असंख्य डोळे असतात आणि एकच डोळा असलेला ते पाहून दबकतो. कागदपत्र गहाळ करून संकट टाळण्याची ही युक्ती मला त्या शेतकऱ्यांच्या कारभाराच्या अनुभवातून सुचलेली वाटते.

झाशिकी-वाराशीच्या खरोखर जवळचे आहेत ते दोन. शिकोकू बेटावरचा लाल केसांचा आकाशागुमा रात्री देवघरातून बाहेर येऊन घरच्या म्हाताऱ्या बाईला गुदगुल्या करतो, आणि तो आहे तोवर घर सुखात असते. आणि दक्षिणेला ओकिनावात वडासारख्या गाजुमारू वृक्षात राहणारा किजिमुना, लाल केसांचा, मुलाएवढा, मासेमारीत तरबेज. एखाद्या माणसाशी त्याची मैत्री झाली की तो त्याच्याबरोबर होडीत जातो, जाळे भरून मासे मिळतात, आणि स्वतःचा वाटा म्हणून तो माशांचे फक्त डोळे खातो. ऑक्टोपसची त्याला किळस आहे. रोजच्या मैत्रीला कंटाळून माणसाने त्याचे झाड जाळले किंवा त्याच्यावर ऑक्टोपस फेकला, तर तो निघून जातो, आणि कधी सूडही घेतो. इवातेतल्या मुलाशी त्याचा फरक येथे आहे. किजिमुना जातो त्याला माणसाचा काही अपराध कारण असतो. झाशिकी-वाराशी का गेला हे बहुधा कोणालाच सांगता येत नाही. काही घरांत त्याच्यासाठी तांबड्या आझुकी दाण्यांचा भात ठेवत, पण त्याने तो राहीलच याची हमी नसे.

आजच्या जपानमध्ये झाशिकी-वाराशी बऱ्याच अंशी पाहुण्यांचे आकर्षण बनले आहे. इवातेच्या उत्तरेला निनोहे इथल्या किंदाइची या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात र्योकुफूसो नावाची जुनी सराई आहे. चौदाव्या शतकात दोन राजदरबारांच्या युद्धात पळून आलेल्या एका कुटुंबातला कामेमारो हा सहा वर्षांचा मुलगा वाटेत आजारी पडून मेला आणि मरताना त्याने घराचे रक्षण करण्याचे वचन दिले, अशी त्या घराची कथा आहे. ज्या खोलीत तो येतो ती वर्षे आधी आरक्षित होत असे, आणि त्याला भेटायला येणारे पाहुणे बाहुल्या, गाड्या, चेंडू अशी खेळणी आणून तिथे रचत. ४ ऑक्टोबर २००९ च्या रात्री आग लागून सराई जळाली. जुन्या तर्काने पाहिले तर याचा अर्थ एकच होता: मूल निघून गेले. पण सगळे पाहुणे आणि कर्मचारी सुखरूप बाहेर पडले आणि आवारातले कामेमारोचे छोटे देऊळ वाचले, म्हणून त्यानेच माणसे वाचवली असेही म्हटले गेले. सराई २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि खेळणी पुन्हा जमू लागली.

येथे समजुतीत एक मोठा बदल झाला आहे. जुन्या कथांत पाहुण्याच्या वाट्याला फक्त खोड्या येत आणि भाग्य घरधन्याचे असे. आता पाहुणा एका रात्रीचे पैसे देऊन त्या भाग्यातला वाटा घ्यायला येतो. तोनोच्या हायाचिने देवळातही झाशिकी-वाराशीच्या बाहुल्यांसाठी प्रार्थनेचा उत्सव होतो आणि लोक त्या बाहुल्या आपापल्या घरी नेतात. म्हणजे हे मूल आता कुठल्या घरातून उठून कुठल्या घरी गेले याची चिंता कोणी करत नाही. ते एकाच वेळी अनेक घरी जाऊ शकते असे धरूनच सारे चालते, आणि मागोझाएमोनच्या शेजाऱ्यांना पडलेला प्रश्न त्यात उरत नाही.